रविवारची चित्रान्नाची डेग

फौजेतून निघाल्यावर माझी शेवटची पोस्टिंग बेंगळुरूला झाली, असं मी गमतीनं सांगतो. खरं तर ती नोकरी. हॉटेलांच्या भटारखान्यात जायचं आणि आचाऱ्यांना शिकवायचं. हात कसे धुवायचे, कच्चं मटण कुठं ठेवायचं, शिजलेलं अन्न किती वेळ बाहेर राहू द्यायचं. मी हवालदार परशराम गावडे, मूळ खानापूर तालुक्यातला. माझी सगळी सर्व्हिस लंगरात गेली. लंगर म्हणजे जवानांचा भटारखाना. गावाकडं लोक विचारतात, "बॉर्डरवर किती मारलेस?" अरे बाबांनो, मारले कुठले? मी कंपनी जगवली. रोज तीन वेळा.

लंगरात माझे साहेब होते सुभेदार नामदेव बिर्जे. आमच्याच बाजूचे, नंदगडजवळचे. फौजेत एक नियम आहे. जेवण वाटण्याआधी ड्यूटीवरचा जेसीओ, म्हणजे सुभेदाराच्या दर्जाचा साहेब, येऊन चाखतो. तो "ओके" म्हणाला की वाटप सुरू. त्याच्या आधी जवानाच्या ताटात शीतसुद्धा पडत नाही. इतर साहेब चमचा ओठाला लावून निघून जायचे. बिर्जे साहेब ताट घेऊन खाली बसायचे आणि नीट जेवायचे. एकदा वरच्या पोस्टवर त्यांनी डाळ तोंडात घेतली आणि थुंकली. म्हणाले, "रॉकेल." आम्ही सगळ्यांनी चाखली, कुणाला काही लागेना. शेवटी कळलं, पाण्याच्या कॅनमध्ये आधी रॉकेल आलं होतं. साहेबांनी अख्खी डाळ बर्फात ओतायला लावली. कंपनी दोन तास उपाशी बसली, मग खिचडी खाल्ली. त्या दिवसापासून बिर्जे साहेबांच्या जिभेवर कुणी शंका घेतली नाही. मीही नाही.

बेंगळुरूत ते मला पुन्हा भेटले, तेही कामातच. माझ्या ट्रेनिंग एजन्सीनं मला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं. आत गेलो तर मॅनेजरच्या खुर्चीत साहेब. केस पांढरे, मिशी तशीच. वहिनी गावाकडं, हे इथं हॉटेलच्या वरच्या खोलीत एकटे. मालक व्हाइटफील्डला राहायचा आणि फोनवर हॉटेल चालवायचा. साहेबांना शुगर होती, किडनीही कमी चालत होती. गोळ्यांचा डबा शर्टाच्या खिशात खुळखुळायचा. मला बघून म्हणाले, "परश्या, आता तू मला शिकवणार होय? शिकव बाबा. दिवस फिरले."

पण माझ्या क्लासला ते पहिल्या रांगेत बसले. आचाऱ्यांना ताठ बसवलं. मी भाताचं सांगत होतो. भातात एक जंतू असतो, तो शिजवूनही मरत नाही. भात मोठ्या डेगीत कोमट राहिला की तो वाढतो आणि विष सोडतो. त्या विषाला वास नाही, चव नाही. पुन्हा परतलं, फोडणी दिली तरी ते जात नाही. म्हणून भात लगेच परातींत पातळ पसरायचा, गार करायचा आणि फ्रिजात टाकायचा.

साहेबांनी हात वर केला. "जिभेला कळत नाही असं विष?"

"होय साहेब."

"मग फौजेत आम्ही काय झक मारत होतो?"

सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगतो, उत्तर माझ्याकडं होतं, जिभेला रॉकेल कळतं, हे विष नाही, पण ते उत्तर त्या हसण्यात बुडालं. तरी साहेबांनी दुसऱ्याच दिवशी नव्या पराती आणवल्या आणि पुढं कित्येक दिवस भात पसरूनच गार होत राहिला. मी अधूनमधून जाऊन बघायचो. शाबासकी द्यायची तर मीच त्यांना देत होतो, याची मला लाज वाटायची.

त्या हॉटेलातून सकाळचा नाश्ता एका मोठ्या कंपनीच्या गेटवर जायचा, तिथल्या सिक्युरिटी गार्डांसाठी. त्यातले बरेच माजी सैनिक. कुणी बेळगावचा, कुणी सांगलीचा, कुणी हासनचा. रविवारी चित्रान्न असायचं, म्हणजे लिंबू पिळलेला, शेंगदाणे घातलेला पिवळा फोडणीचा भात. चित्रान्नाला भात गार आणि मोकळा लागतो, म्हणून तो आदल्या संध्याकाळीच शिजवतात. आपल्या घरी तरी काय वेगळं करतो? रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतो. पण घरचं पातेलं वेगळं आणि कमरेएवढ्या उंचीची डेग वेगळी.

त्या रविवारी मी सकाळी साडेसहाला सहज साहेबांना भेटायला गेलो. चहा प्यायचा, गावाकडच्या गोष्टी करायच्या, एवढंच डोक्यात होतं. भटारखान्यात गेलो आणि भाताची डेग बघितली. वर पांढरं फडकं. फ्रिजची मोटर आदल्या दुपारी बंद पडली होती. दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता. त्यात ऑर्डरही वाढलेली, पराती पुरल्या नव्हत्या. रात्रभर भात डेगीतच होता. मी फडकं काढून हात आत घातला. वर गार होता, मध्यभागी चांगला कोमट. थर्मामीटर खुपसला. जंतू वाढायला लागते तेवढीच ऊब.

"मंजुनाथ, हा भात वापरू नको. फेकायचा."

मंजुनाथ मुख्य आचारी, तुमकूरकडचा. त्यानं मूठभर भात नाकाला लावला. "एनू आगल्ल सर," तो म्हणाला, काही होत नाही सर. मग हिंदीत, "बास नहीं है," म्हणजे वास येत नाही. वर म्हणाला, "बेंगळुरूची हवा थंड, इथं भात कुठं खराब होतो?"

हे वाक्य मी या शहरात शंभरदा ऐकलंय. पंखा न लावता झोप येते, म्हणून लोकांना वाटतं इथं अन्नसुद्धा झोपून राहतं.

साहेब बाहेर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परशराम, नाइट शिफ्टची पोरं बारा तास उभी आहेत. सव्वासातला गाडी निघते. एवढा भात आता कुठून आणू?"

"उपमा करू साहेब. बिस्किटं देऊ. एक दिवस अर्धपोटी राहतील. मरणार नाहीत."

"कढईत घे रे," ते मंजुनाथला म्हणाले. "फोडणी होऊ दे. मी चाखतो. मग बघू."

"साहेब, यात चाखून कळत नाही. तुम्हीच क्लासला होता."

"मी एकटा खातो. अर्धा तास थांबू. मला काही झालं तर सगळं फेकून दे."

"अर्ध्या तासात नाही कळत साहेब! दोन तास, चार तास लागतात!" माझा आवाज चढला. मी तापट माणूस, सर्व्हिसमध्येही दोनदा वरिष्ठांपुढं पेशी झालीय. मी साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि डेगीकडं निघालो. मंजुनाथनं आणि आणखी एकानं मला धरलं. बादली सांडली, भातापर्यंत पोचलीच नाही.

साहेब रागावले नाहीत. तेच वाईट. लंगरातल्या आवाजात म्हणाले, "हवालदार, बाहेर उभा राहा."

बाहेरून मी एजन्सीच्या मॅडमना फोन लावला. त्या झोपेतून उठल्या. म्हणाल्या, "गावडे, आपण ट्रेनिंग देतो. किचन बंद करायचा अधिकार आपल्याला नाही. मालकाशी बोला आणि मला मेल करा." मालकाचा फोन स्विच ऑफ. काचेतून मला साहेब दिसत होते. ताट घेऊन खाली बसले होते, भरलं ताट. शुगरच्या माणसानं एवढा भात खायचा नसतो, तोही त्यांनी संपवला. सगळ्या आचाऱ्यांच्या समोर. मग घड्याळ बघत बसले. मधेच उठून जिन्याकडं गेले, घरी फोन करायला.

अर्धा तास झाला. त्यांना काही झालं नाही. गाडी भरली. मी गाडीसमोर उभा राहिलो तर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि मागून वळसा घालून गेला. गेटचा नंबर मिळवण्यात पंधरा मिनिटं गेली, मग फोन लावला. सुपरवायझर फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेला होता, सांगलीकडचा.

"नाश्ता आला?"

"आला. वाटप चालू."

"थांबवा. भात खराब आहे."

"कोण बोलतंय?"

"हवालदार गावडे. ट्रेनर."

"कुणाची ऑर्डर?"

"ऑर्डर नाही. मी सांगतोय."

"बिर्जे साहेबांना द्या."

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी खाल्लंय. भरपेट. वाटा."

नऊ वाजायच्या आधी पहिला फोन आला. मग फोन थांबेनात. गार्ड गेटवरच उलट्या करत होते. कुणी केबिनमध्ये, कुणी बॅरियरला धरून. साहेबांनी हॉटेलच्या दोन्ही गाड्या आणि दिसेल त्या रिक्षा तिकडं पाठवल्या. "पोरांना आधी हलवा. ओआरएस द्या. एकही राहता कामा नये." हे बोलताना ते मोरीकडं जात होते, परत येत होते. तोंड पुसलेलं. मला कळलं. मी म्हटलं, "साहेब, चला." ते म्हणाले, "शेवटचा गार्ड आत गेला की जाऊ." शेवटचा गार्ड आत जाईपर्यंत अकरा वाजले. तोवर त्यांना उभं राहवत नव्हतं. मी आणि मंजुनाथनं त्यांना उचलून रिक्षात घातलं. मंजुनाथ लहान मुलासारखा रडत होता.

गार्ड सगळे वाचले. दोन दिवसांत घरी गेले. साहेबांच्या किडन्या आधीच कमजोर, त्यात अंगातलं पाणी गेलेलं. सोमवारी डॉक्टरांनी डायलिसिस लावलं. मी आयसीयूच्या बाहेर बसून होतो. माझ्याकडं सगळी माहिती होती हो. कुठला जंतू, कुठलं विष, किती तासात. त्या माहितीचं करायचं काय, ते मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावलं. पहिलं विचारलं, "पोरं?"

"सगळी बरी साहेब."

डोळे मिटून पडले. तसेच म्हणाले, "चव बरोबर होती रे, परश्या."

"होय साहेब. बरोबर होती."

मंगळवारी दुपारी ते गेले.

या प्रकाराची चौकशी झाली, हॉटेलला टाळं लागलं. मालकानं दुसऱ्या नावानं दुसरीकडं उघडलं, असं ऐकतो. बिर्जे साहेबांचं नाव कुठल्या स्मारकावर येणार नाही. ते लढाईत पडले नाहीत, भाताच्या ताटावर पडले. काही लोक म्हणतात, हट्टी म्हातारा, आपल्या करणीनं गेला. म्हणोत. दुसऱ्याच्या ताटात जायच्या आधी जे आपल्या पोटात घालतात, अशी माणसं मी फार बघितलेली नाहीत. ते चुकले. पण स्वतःला बाजूला ठेवून चुकले नाहीत.

नंदगडला अंत्यविधीला गार्डही आले होते, दोन गाड्या करून. अजून चेहरे उतरलेले. कुणी हुकूम दिला नाही, तरी ओळीत उभे राहिले आणि सॅल्यूट ठोकला. मीही त्यांच्यात होतो.

निघताना वहिनी दारात आल्या. मला वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, "भावजी, रविवारी सकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, भाताची जरा गडबड हाय, पण परशराम आलाय. मी त्यांना म्हटलं, बरं झालं, भावजी तिथं हाईत म्हंजे आता काळजी नाही."

मी म्हटलं, "होय वहिनी. मी तिथंच होतो."