मागचं वजन

चाकणच्या गॅरेजमधले ते काका फक्त हेडलाइट सेट करायचे. माझा नंबर येईपर्यंत मी त्यांना बघत होतो. प्रत्येक गाडीचं मागचं दार ते आधी उघडायचे, आत डोकावायचे आणि मगच गाडी भिंतीवरच्या खडूच्या रेघेसमोर लावायला सांगायचे. मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो खाली आणायला स्टिअरिंगजवळ आकडे असलेलं छोटं चाक असतं.

माझी जीप सेकंडहँड, नुकतीच घेतलेली. मागे काहीच नव्हतं. तरी उजेड रेघेच्या हातभर वर पडला.

"स्प्रिंग बसली असेल," मी म्हणालो.

काकांनी वाकून पाहिलं. "न्हाई. स्प्रिंग चांगली हाय."

मग त्यांनी मागचं दार अलगद लावलं, आत कुणी झोपलं असावं तसं. चाक दोनवर फिरवलं. उजेड रेघेवर आला.

"ऱ्हाऊ द्या असंच, राव. उतरलं की उजेड आपसूक खाली यील."

मी हसलो. ते हसले नाहीत.

काल संध्याकाळी रहाटणीला आमच्या सोसायटीत गाडी लावली. चाक अजून दोनवरच होतं. समोरच्या भिंतीवरचा उजेड हळूहळू घसरत पार जमिनीला टेकला.

घरी मुलगी एकटी होती. मी धावत लिफ्टपाशी गेलो. लिफ्ट आधीच वर निघाली होती, आणि आमच्याच मजल्यावर थांबली.