तळाचा थेंब

९ मार्च १९८१. एक हजार एकशे सत्याऐंशी रुपये चाळीस पैसे. एका बाटलीसाठी एवढी रक्कम कॉलेजचा हिशेबनीस म्हणून मी पहिल्यांदाच मंजुरीला पाठवली. मागणी आमच्या कॉलेजच्या जीवरसायन विभागातल्या प्रेमिला गजभिये यांची होती. त्या मूळच्या भिवापूरच्या, शिष्यवृत्तीवर संशोधन करत होत्या.

"बाई, साबणाला एवढे पैसे?" मी विचारलं.

"साबणच समजा. पेशीच्या पडद्यावर काही प्रथिनं नुसती चिकटलेली असतात, ती मिठाच्या पाण्यानं सुटतात. काही मात्र पडद्याच्या चरबीत रुतून बसतात. तुपाचं भांडं नुसत्या पाण्यानं निघतं का?"

असं एक रुतलेलं प्रथिन त्यांना मेअखेर वेगळं काढून दाखवायचं होतं. नाहीतर शिष्यवृत्ती बंद.

बोकडाच्या रक्तातून पडदे जमवण्यात दीड महिना गेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी ते बाटलीतल्या त्या साबणासारख्या औषधात कालवले, नळ्या बर्फात ठेवल्या, आणि दुपारी वीज गेली. फ्रिज बंद पडला, बर्फ वितळला. शिपाई धोंडबा सक्करदऱ्याच्या बर्फ कारखान्यातून उधारीवर लादी घेऊन सायकलनं आला, तोवर नळ्या दुधाळ होऊन त्यांत दोन थर पडले होते. वर नितळ पाणी, तळाशी तेलकट थेंब.

"बाई, याचं तं दही लागून राहिलं," धोंडबा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेक नळी मोरीत ओतली.

"मंग या बर्फाचं काय करू?"

"माठात टाका. प्या सगळे."

पुन्हा करायला दिवस उरले नव्हते. शिष्यवृत्ती संपली.

ऑगस्टमध्ये त्या अनुभवाचा दाखला न्यायला आल्या. भिवापूरच्या शाळेत नोकरी लागली होती. जहाजानं येणारी परदेशी मासिकं त्याच दिवशी माझ्या टेबलावर पडली होती. एक उचलून त्यांनी उभ्यानंच वाचलं.

"तेच औषध आहे," त्या म्हणाल्या. "थंड असताना विरघळलेलं राहतं. गरम केलं की दोन थर होतात, आणि रुतलेली प्रथिनं तळाच्या थेंबात उतरतात. हे लोक मुद्दाम गरम करतात."

"म्हणजे बाई, तुमचं ते..."

"मोरीत गेलं." त्यांनी मासिक परत पाकिटात घातलं. "सही कुठं करू?"

मी जागा दाखवली. त्यांनी सही केली आणि बसला उशीर होतो म्हणून निघाल्या.

उरलेली बाटली अजून विभागाच्या कपाटात आहे. मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो. धोंडबानं त्या लादीची पावती आणली नव्हती, त्यामुळे पैसे देता आले नाहीत. बर्फ कारखान्याचे सहा रुपये पन्नास पैसे देणे बाकी आहेत.