फिलू टीचरचे काळेभोर केस

फिलू टीचर फळा वेणीच्या टोकाने पुसायच्या. "डस्टर शोधत कोण बसणार?" म्हणत खांद्यावरून वेणी पुढे ओढायच्या आणि सर्रकन फिरवायच्या. साठी उलटलेली, तरी केस कुळकुळीत! गुपित विचारलं की एकच उत्तर, "आमच्या गावचा, नंदाखालचा नारळ, बाय. दुसरं काय?"

बोळिंजला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्या आम्हा लॅब टेक्निशियन व्हायला निघालेल्या मुलींचा क्लास घ्यायच्या. शरीराची फौज शरीरालाच कशी आजारी पाडते, हा त्यांचा लाडका विषय. त्याच विषयात मी दोनदा आपटले होते.

"पहिला प्रकार घाईचा. खाल्लं की पित्त उठलं," त्या हातवारे करत सांगायच्या. "दुसऱ्यात अँटिबॉडी थेट पेशीच्या अंगावर नोटीस चिकटवते. चुकीच्या गटाचं रक्त चढवा, लाल पेशी फटाफट फुटतात! तिसऱ्यात अँटिबॉडी आणि तिचा वैरी मिठी मारून रक्तात भटकतात. त्यांचे पुंजके मूत्रपिंडाच्या गाळणीत, सांध्यांत जाऊन अडकतात, मग तिथे आग. भांडण यांचं, घर जळतं दुसऱ्याचं! आणि चौथ्यात अँटिबॉडी नाहीच. टी-पेशी जातीने येतात, पण आरामात, दोन दिवसांनी. तेव्हा आज काय खाल्लंत ते विचारू नका. विचारा, परवा काय केलंत?"

मी सगळं लिहून घेतलं. डोक्यात शिरलं असेल तर शपथ!

मग टीचरच्या भाचीचं लग्न आलं. नंदाखालला वाडीत मांडव, आणि रांधायला माझे बाबा. मिठागराच्या गावातला माणूस. हे पहिलंच मोठं काम. ते निभावलं तर पुढची लग्नं मिळणार होती.

पंगत रंगात आली होती. टीचरनी कोलंबी चाटूनपुसून खाल्ली, आणि बघता बघता त्यांचे डोळे असे सुजले की मिटूनच गेले. कानही लालबुंद.

"कोलंबी बाधली!" वरमाय किंचाळली. माणसांनी ताटं खाली ठेवली. बाबा डाव धरून उभे. "सकाली आनली हो, ताजी व्हती," एवढंच म्हणत राहिले. मला रडूच कोसळणार होतं.

मी टीचरजवळ धावले. कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुरळ, तिथून पाणी सुटलेलं. बाकी अंगावर पित्ताची एक गांधी नाही. आणि टीचर? एरवी एक क्षण गप्प न बसणारी बाई चिडीचूप!

"खाज कधीपासून आहे, टीचर?"

"सकाळपासून," त्या पुटपुटल्या. सकाळी कोलंबी कुठे होती? माझ्या डोक्यात दिवाच लागला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं मी ओरडले, "परवा काय केलंत?"

टीचरनी मोठा श्वास घेतला. "कलप लावला! दर महिन्याला लावते, दहा वर्षं झाली. झालं समाधान?"

मांडव खो खो हसत सुटला. नवरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. टीचरनी मात्र आंधळ्यासारखा हात पुढे करून बाबांना शोधलं. "भाऊ, मी गप्प बसले, ते मला कलपापेक्षा जास्त झोंबलंय. आता अजून एक ताट वाढा. आणि हिला सांगा, भरवायला."

मी भरवलं. त्यांनी एकेक कोलंबी मिटक्या मारत संपवली, आणि पंगत परत बसली. डॉक्टरांकडे त्या नंतर गेल्या, ढेकर देत.

पुढच्या महिन्यात टीचर पांढऱ्याशुभ्र मुळांनिशी फळ्यापुढे उभ्या राहिल्या, डोक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "प्रकार चौथा." मी त्या वर्षी पास झाले.

शेवटच्या आजारपणात त्यांचे हात चालत नव्हते. मी बाबांच्या हातची कोलंबी डब्यातून नेली. वेणी आता कापसासारखी होती. पहिला घास तोंडाशी नेला, तर डोळे मिचकावत विचारतात कशा, "ताजी ना गो?"

"सकाली आनली," मी म्हटलं. मग दोघी हसत बसलो, घास हातातच राहिला.