मनगटाला बांधलेला दोर

पुण्यात घरटी एक पोरगा संगणकावर बसू लागला, त्याच सुमारास मुनव्वरच्या आगीच्या बंबावरची माणसं कमी होऊ लागली. निवृत्त झालेल्याच्या जागी नवा माणूस द्यायचा नाही, असं वरून ठरलं होतं. सहाचे चार झाले, चाराचे दोन. उरले ड्रायव्हर मुनव्वर आणि आत शिरणारा रंगनाथ. साहेबांना विचारलं तर म्हणाले, आगी रोज कुठे लागतात? पाऊस रोज नसतो म्हणून छप्पर विकावं, तसलं हे शहाणपण.

बावीस वर्षांत मुनव्वर आगीला भ्यायला नव्हता. आता आगीची वर्दी येऊन घंटा झाली की त्याला भीती वाटायची. धुरात शिरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो आणि बाहेर एकजण तो धरून उभा राहतो. दोन हिसके आले की ओढून काढायचं. तो धरणारा माणूसच आता नव्हता. मुनव्वरने पंप सोडला तर दाब पडणार आणि आतल्याच्या हातातलं पाणी जाणार. म्हणून दोराचं टोक तो आपल्याच डाव्या मनगटाला बांधून घेई.

मार्चमधल्या एका दुपारी कर्वेनगरजवळ काचेच्या इमारतीत आग लागली. सगळे बाहेर आले होते, एक मुलगी दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. मदतीचा बंब वाहतुकीत रखडलेला. रंगनाथ पाइप घेऊन आत गेला. दोर सरकत राहिला, मग थांबला. मग दोन हिसके आले. मुनव्वरने जीव खाऊन ओढलं, पण दोर कुठेतरी अडकला होता.

त्याने पंप सोडला. तोंडाला ओला रुमाल बांधून तो जिना चढला. पाचव्या पायरीशी पाइप लिबलिबीत झाला. वरचं पाणी गेलं होतं. वळणावर रंगनाथ त्या मुलीला कवटाळून पडला होता आणि दोर कठड्यात गुंतला होता. मुनव्वरने दोघांना फरफटत दाराबाहेर आणलं, तोवर ज्वाळा जिन्यावर उतरल्या होत्या. आग विझवली ती नंतर आलेल्या बंबाने.

तिघं जगली आणि तिथेच घात झाला. महिन्याभरात कागद आला: दोन कर्मचाऱ्यांनी आग यशस्वीपणे हाताळली, सबब रिक्त पदे रद्द करण्यात येत आहेत. दुसऱ्या बंबाचं त्यात नावही नव्हतं. सोबत शाबासकीचं पत्र होतं. बायको, अमिनाबी, ते भिंतीवर लावू म्हणाली. मुनव्वरने ते कपाटात पालथं ठेवलं. मेलो असतो तर चार माणसं मिळाली असती, हा विचार त्याला जेवू देईना.

पुढच्या वर्दीला मुनव्वरने दोनदा बांधली तरी मनगटाची गाठ बसेना. रंगनाथने ती बांधून दिली आणि हळूच म्हणाला, "मुनव्वरभाई, या खेपेला हिसके आले तरी पंप सोडू नका. एकजण तरी घरी जाऊ दे."

मुनव्वरने ती गाठ ओढून आणखी घट्ट केली. रंगनाथ धुरात शिरला आणि मनगटाला बांधलेला दोर आत सरकू लागला.