वाइनोचे लाल मुळे

सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावात बर्फ मे महिन्यापर्यंत हलत नाही. तरी जूनच्या मध्यावर वाइनो लाहती लाल मुळ्यांच्या जुड्या घेऊन दारोदार फिरायचा. समोरच्यानं एक मुळा खाऊन दाद दिल्याशिवाय पुढे सरकायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याला घशाचा कॅन्सर निघाला. उपचारांनी गाठ गेली, पण तोंडाची चवही गेली. यंदा वाफे त्याच्या बायकोनं, लेम्पीनं पेरले. पहिली काढणी झाली त्या दुपारी तिनं मला शेजारून हाक मारली. टेबलावर मुळे, पालक आणि कोवळा शेपू होता. वाइनो मुळा चावत बसला होता.

"लागतोय का तिखट?" लेम्पीनं विचारलं.

"ओलं लाकूड लागतंय."

"शेपूबरोबर खाऊन बघ ना."

त्यानं अख्खी काडी तोंडात कोंबली. "गवत. गाय खूश झाली असती."

"येईल रे चव हळूहळू."

"डॉक्टर तसं म्हणाला? नाही ना? मग तू कशाला म्हणतेस?" त्यानं एक मुळा माझ्यापुढे सरकवला. "तू खा. आणि खोटं बोलू नकोस."

मुळा इतका झणझणीत होता, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाइनो ते टक लावून बघत राहिला. मग उठून आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

त्यानंतर तो बागेत उतरलाच नाही. जुलैत पालकाला तुरे आले, मुळे जून होऊन तडकले. लेम्पीनं सगळं उपटलं आणि तिथं लॉनच्या गवताचं बी टाकलं.

"कापायला सोपं पडतं," ती मला म्हणाली.