पटलं तिथं सूत, नाही पटलं तिथं जर

माझ्या बी.ए.च्या पदवीतलं एक उत्तर माझं नाही, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण ते उत्तर तिच्या मोठ्या आत्याचं आहे. आता सांगायला बसलोच आहे तर आधी आत्याबाईंबद्दलच सांगतो. त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की मला जरा धीर येतो. मुक्त विद्यापीठाला आत्याबाईंइतकं मनावर आजवर कोणीच घेतलं नसेल, खुद्द विद्यापीठानेही नाही. मी कोराडीच्या वीजकेंद्रात कारकून. बढतीसाठी पदवी हवी होती आणि समाजशास्त्रात गणित नसतं, म्हणून मी समाजशास्त्र घेतलं. आत्याबाईंनी ते घेतलं, कारण इतकी वर्षं ज्या समाजाचं ऐकून घेतलं त्याचं नेमकं म्हणणं काय आहे, ते एकदा मुळापासून पाहून घ्यावं असं त्यांना वाटलं.

तेव्हा त्यांची साठी उलटली होती. उमरेडच्या विणकर घरातल्या त्या. माग बंद पडला, यजमान गेले, आणि त्या शहरातल्या नंदनवन वस्तीत दोन खोल्यांत येऊन राहिल्या. शाळा लहानपणीच सुटलेली, म्हणून विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन त्या बी.ए.ला आल्या. डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. त्यांना मात्र घाई होती ती वेगळीच. "डॉक्टर म्हणते नजर काठाकडून उसवून राहिली," त्या मला म्हणाल्या, "मधलं पोत शाबूत हाय तवर माह्या डोळ्यानं वाचून अन् माह्या हातानं लिहून पास व्हाचं हाय, जवाईबापू. मंग आंधळी झाली तरी चालते." पुस्तकावर पेन चालवणं त्यांना पाप वाटे. सरस्वतीच्या अंगावर रेघोट्या कशाला, म्हणून त्यांनी विणकरणीची युक्ती काढली. जे वाक्य पटलं त्या पानात सुताचा धागा, जे नाही पटलं त्या पानात जुन्या लुगड्याच्या काठातली जर. वर्ष संपेपर्यंत त्यांची पुस्तकं दुरून लग्नाच्या शालूसारखी चमकत. ज्यांनी ती लिहिली त्यांनी पाहिली असती तर काय वाटलं असतं कोण जाणे.

औद्योगिकीकरणाने एकत्र कुटुंब मोडून विभक्त झालं, या वाक्याला त्यांनी जर लावली ती काही उगीच नाही. त्या स्वतः गल्लीत दारोदार फिरल्या. प्रत्येक घरी एकच प्रश्न, "काहून वं, तुमच्या घरी चुली किती?" गल्लीने त्यांना सरकारी योजनेची बाई समजून आधारकार्डाच्या झेरॉक्स दिल्या. एकीने नळाची तक्रार लिहून घ्यायला लावली, दुसरीने आपली चूल चटकन वेगळी दाखवली, न जाणो वेगळं रेशनकार्ड मिळालं तर. आत्याबाईंनी सगळ्यांचा चहा पिऊन जो निष्कर्ष काढला तो मला अजून पाठ आहे: "दोन भाऊ, दोन चुली, दोन मीटर. पण कुलर एकच. मे महिना लागला का सगळेच्या सगळे त्याच्यापुढं आडवे. म्हणजे हिवाळ्यात विभक्त अन् उन्हाळ्यात संयुक्त. हे पुस्तकात काहून नाही?" मी हसलो. मग कोराडीच्या कॉलनीत घरी परत आलो तर माझा भाऊ बायकापोरं घेऊन आमच्या कुलरपुढे निजला होता. तेव्हापासून हसणं जरा कमी केलं.

रविवारच्या संपर्क सत्राला आम्ही सही ठोकायला जायचो आणि सरांची पाठ फिरली की तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सटकायचो. आत्याबाई पहिल्या बाकावर शेवटपर्यंत बसत. आमचे सर भले गृहस्थ होते. आठवडाभर कॉलेजात शिकवून रविवारी आम्हाला शिकवायचे म्हणजे त्यांनाही झोप यायचीच. त्यांनी एकदा विचारलं, "काही शंका?" हा प्रश्न आमच्या केंद्रावर केवळ रीत म्हणून विचारला जाई. आत्याबाई उठल्या. "सर, समाज दाराबाहेर सुरू होते म्हणता. मंग दाराच्या आत सासू असते ते कोण असते?" सरांची झोप उडाली ती पुढची दोन वर्षं उडालेलीच राहिली.

कुहीला नात्यातलं एक लग्न होतं. मी त्या घरचा जावई, आणि मला पुढच्या खुर्चीवर कोणी बसवलं नाही म्हणून मी रीतसर रुसलो. जेवायलाही उठलो नाही. मंडळी मनधरणीला आली, मी मान फिरवली. आत्याबाई तेवढ्या समोर येऊन बसल्या आणि चष्मा पुसून माझ्याकडे टक लावून पाहू लागल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही तरी समजवा." त्या म्हणाल्या, "तुम्ही रुसा निवांत. मी सहभागी निरीक्षण करून राहिली. घाई नका करू."

आता त्या उत्तराकडे येतो. गृहपाठात प्रश्न आला: सामाजिक नियम आणि त्याचे अपवाद, स्वतःच्या परिसरातील उदाहरणासह लिहा. बाकीची उत्तरं बाजारातल्या गाइडमधून उतरवता येत. स्वतःच्या परिसराचं गाइड मात्र कुठे मिळेना. तारीख जवळ आली तेव्हा मी नंदनवनात गेलो. आत्याबाई माझ्यासाठी पोहे करायला आत गेल्या, आणि मेजावर त्यांचं लिहून झालेलं उत्तर पडलं होतं. मी मोबाइल काढला आणि पानापानाचे फोटो घेतले. तेवढ्यात पोहे आले. मी ते खाल्ले, वर लिंबूही मागितलं.

उत्तर होतं जावयाच्या मानावर. घरात चूक केली की सगळ्यांना बोल बसतो, लेकाला, सुनेला, प्रसंगी म्हाताऱ्यालाही. जावयाची चूक मात्र कोणी तोंडातून काढत नाही, ती घरातलं दुसरं कोणीतरी आपल्या अंगावर घेतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मी "आमच्या घरी"च्या जागी "सदर कुटुंबात" घातलं, माझ्या वळणदार अक्षरात उतरवलं आणि त्यांच्याआधी नेऊन दिलं.

सरांनी दोघांना बोलावलं. समोर दोन उत्तरं: माझं मोत्यासारखं, त्यांचं ओळ सोडून डोंगर चढणारं. सर हळू आवाजात, त्यांचं वय सांभाळून म्हणाले, "आजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. यांचं पाहून लिहिलंत ना?" मी पंख्याकडे पाहत होतो. तो चालू नव्हता, तरी पाहत होतो. एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. आत्याबाईंनी आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, कुहीच्या मांडवात पाहिलं होतं तसं. "हे आमचे जवाई हायेत, सर," त्या म्हणाल्या, "त्याह्यले काही म्हणू नका. जे असंल ते माह्या नावावर लिहा." सरांना तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. समोरचं उत्तर त्यांनी लक्ष देऊन वाचलं असतं तर ते कोणी लिहिलं हे त्यातच होतं.

बाहेर पायरीवर मी काहीतरी पुटपुटलो. आत्याबाई चपला चाचपत होत्या. "जवाईबापू," त्या म्हणाल्या, आणि शपथेवर सांगतो, आवाजात रागाचा टिपूस नव्हता, उलट विद्यार्थ्याचा आनंद होता, "माह्या उत्तरात एक ताजं उदाहरण कमी पडत होतं. भेटलं पाहा." मग म्हणाल्या, "चाला, पोहे खाऊ."

त्यांचा गृहपाठ बाद झाला आणि वर्ष गेलं. मी पास झालो, बढतीही मिळाली. त्या वर्षात त्यांच्या नजरेचं मधलं पोतही विरलं. पुढच्या परीक्षेला त्यांना लेखनिक घ्यावा लागला; त्या सांगत गेल्या, दुसऱ्या कोणी लिहिलं. पास झाल्या त्या आमच्या केंद्रात पहिल्या येऊन. पदवीचा कागद आला तेव्हा त्यांनी त्यावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "नाव बरोबर हाय ना?" माह्या हातानं लिहून पास व्हाचं हाय, हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

आता त्या एम.ए. करतात. रविवारी मी कोराडीहून बसने नंदनवनात जातो आणि त्यांना पुस्तक वाचून दाखवतो. बायकोला वाटतं, नवऱ्याला म्हातारपणी विद्येची गोडी लागली. आत्याबाई मांडीवर सुताची गुंडी आणि जरीची गुंडी घेऊन बसतात. आता रंग दिसत नाहीत, पण सूत मऊ लागतं आणि जर बोटाला टोचते, तेवढ्यावर त्यांचं काम भागतं. मागच्या रविवारी वाचता वाचता एक वाक्य आलं: शिक्षणाच्या प्रसाराबरोबर रूढींची पकड सैल होत जाते. "थांबा, जवाईबापू," त्या म्हणाल्या. मी थांबलो. त्यांनी गुंडीतून एक धागा तोडून माझ्यापुढे धरला. तो टोचला. "इथं जर लावा."

मी लावली, आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

ते सर अजूनही रविवारी त्याच वर्गात शिकवतात. आत्याबाईंचा हात धरून त्यांच्यापुढे जायचं आणि ते उत्तर आत्याबाईंचं होतं, मी ते चोरलं होतं, हे सांगायचं, एवढं त्यांचं देणं माझ्यावर आहे. ते अजून दिलेलं नाही.