हिरव्या काचा

माझी बहीण गंगू घरी परत आली ती आमच्या शिरूरच्या कासारीण मावशीमुळे. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं. चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी. आज सोलापुरात, गिरणीच्या खोलीत बसून लिहितोय. मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

मावशी बांगड्या भरायची. कुणी "बांगडी फुटली" म्हटलं की तिचा हात तिथंच थांबायचा.

"फुटली म्हणू नाही. वाढवली म्हणावं."

ती स्वतः विधवा. दोन्ही मनगटं मोकळी. तिच्याकडून बांगड्या भरायला काही जणी नाकं मुरडीत, पण तिच्यासारखा हलका हात दुसरीचा नव्हता, म्हणून परत तिच्याच पाटीपाशी येऊन बसत.

गंगू बारा वर्षांची. पोटात गाठ झाली म्हणून तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. नगर म्हणजे इंग्रजी मुलूख. आम्ही निजामाची रयत. आमच्या लेखी ती विलायतच. ऑपरेशन झालं, घेऊन जा, असं पत्र आलं आणि मी आज-उद्या करायला लागलो. मावशी माल आणायला नगरला जायची. ती म्हणाली, "कामून भेतो रं? मी हाय की."

गेलो तर गंगू खाटेवर बसलेली. डोळे उघडे, पण ओळख नाही. हाक मारली तरी भिंतीकडं बघत राहिली. नर्स म्हणाली, "जखम बरी आहे. शुद्धीवर आल्यापासून अशीच आहे."

मावशीनं आधी तिचे हात पाहिले.

"बांगड्या कुठं हायेत पोरीच्या?"

"ऑपरेशनच्या आधी फोडल्या."

मावशी तशीच उठली आणि दवाखान्यामागच्या उकिरड्यात जाऊन बसली. दुपारपर्यंत हिरव्या काचा वेचत होती. मला लाज वाटली. "मावशी, लोक बघायलेत."

"बघू दे. परमुलखात बांगडी वाढवली अन् काचा तिथंच राहिल्या, तर पोरगीबी निम्मी तिथंच राहती. मग घरी काय नेशील, खोळ?"

काचा तिनं पदराच्या गाठीत बांधल्या. गंगूला मी उचलून बैलगाडीत निजवलं. वाटेत दर ओढ्याला मावशी गाडी थांबवायची, मागं तोंड करून गाठ खुळखुळवायची.

"चल गं बाई. मागं राहू नको."

मी हसलो. पहिल्या दोन ओढ्यांना.

निजामाच्या हद्दीवर, मोगलाईच्या नाक्यावर पोचलो तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. मुन्शीनं गाडीतली माणसं मोजली, दौतीत टाक बुडवला आणि रस्त्याकडं बघून म्हणाला, "और वो पीछे से आती सो छोकरी? बिठा लो ना उसको. पाँव जलते होंगे."

मी वळून पाहिलं. मुरमाचा मोकळा रस्ता. एक पाखरूसुद्धा नाही.

मावशीनं वळून पाहिलंच नाही. गाडीत अंग चोरून जागा केली अन् म्हणाली, "बसंल आता. आमचीच हाय. तुमी लिवा."

पुढं घरापर्यंत ती तशीच अंग चोरून बसली.

घरी आल्यावर गंगूला मी ओसरीवर ठेवलं. मावशीनं तिचा हात हातात घेऊन नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. शेवटची बांगडी मनगटात गेली आणि गंगूनं आईकडं पाहिलं.

"आये, लई चालले गं. पाय दुखायलेत."

आई रडत रडत तिचे पाय धुवायला बसली. पाणी मुरमाच्या मातीनं लाल झालं. साऱ्या वाटेत त्या पोरीचा पाय जमिनीला लागला नव्हता. उचलणारा मीच होतो.

गंगूला आता दोन लेकरं आहेत. मावशी मात्र पटकीच्या साथीच्या सालात माल आणायला नगरला गेली, ती आलीच नाही. कुठं पडली, कुणी माती दिली, कळलं नाही. आणायलाही कुणी गेलं नाही. मीही नाही. तिच्या मनगटात बांगडी नव्हती. वेचून आणायला काचासुद्धा नाहीत. नावही कधी विचारलं नाही आम्ही, मावशीच म्हणत राहिलो.

पण एकदा रजा काढून मी नगरला जाणार आहे. येताना त्याच वाटेनं येईन. दर ओढ्याला गाडी थांबवीन, मागं तोंड करून म्हणेन, "चल मावशी, मागं राहू नको." आणि नाक्यापासून पुढं अंग चोरून बसेन.